रस्ता वर, घर खाली

मंडळी, या वीकेंडचा विषय रुक्ष आहे, हे आधीच सांगून ठेवतो. फरशी. घरातली नव्हे, सार्वजनिक रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत गाडी यावी म्हणून जमिनीवर जे काही अंथरतात ती. पुण्यात हे सगळं बिल्डर ठरवून मोकळा होतो, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्याला हा ताप नसतो. पण ज्यांचं गावाला घर आहे आणि त्या घरात कोणीतरी म्हातारं माणूस राहतं, त्यांच्यावर ही वेळ आज ना उद्या येणार. गेल्या डिसेंबरपासून मेपर्यंतचे माझे बहुतेक शनिवार-रविवार यात गेले. जे कळलं ते लिहून ठेवतोय, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

गाव अंजनवेल, तालुका गुहागर. वाशिष्ठीची खाडी समुद्राला मिळते तिथे दक्षिण बाजूला आम्ही, समोर दाभोळ. खाडीच्या तोंडावर जांभ्या दगडातला गोपाळगड. आणि ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांना ‘एन्रॉन’ म्हटलं की लगेच कळतं. तो वीजप्रकल्प इथलाच. (कंपनीने नाव मात्र पलीकडच्या दाभोळचं घेतलं, हा आमच्या आजीचा राग अजून गेलेला नाही.)

आमचं घर रस्त्याच्या खाली आहे. रस्त्यावरून बेडं उघडून आत शिरलं की दोन्ही बाजूंना गडगा, मध्ये दहा फूट रुंदीची जागा आणि त्यातून खाली उतरणारी पाखाडी. पुणेकरांसाठी: पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या-पायऱ्यांची वाट. लांबी ११० फूट, उतार एकूण ९ फूट. खाली अंगण, उजव्या हाताला विहीर, समोर पडवी. घरात बाबा, आई आणि ८४ वर्षांची आजी.

गेल्या ऑगस्टमध्ये आजी मागच्या दारी घसरून पडली. खुब्याचं हाड. १०८ला फोन केल्यावर अँब्युलन्स आली, पण ती रस्त्यावर थांबली, दुसरीकडे थांबणार तरी कुठे? भर पावसात, शेवाळलेल्या चिऱ्यांवरून, चौघांनी आजीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेली. एकाचा पाय सटकला तेव्हा खुर्ची एका बाजूला कलली आणि आजीने गडग्याचा दगड धरला. मी त्या वेळी हिंजवडीत एका कॉलवर होतो. हे सगळं मला आईने दोन तासांनी सांगितलं. ऑपरेशन नीट झालं. आजी वॉकर धरून घरात फिरते. पण तपासणीला चिपळूणला न्यायची म्हटलं की पुन्हा तीच खुर्ची, तेच चौघे. आणि चौघे तरी कुठून आणायचे? वाडीत निम्मी घरं गणपती आणि शिमग्यापुरती उघडतात.

तर गाडी दारापर्यंत आली पाहिजे, यावर घरात एकमत होतं. कशावरून आली पाहिजे, यावर नव्हतं.

बाबांचं म्हणणं, जांभाच. पायऱ्या काढा, त्याच चिऱ्यांचा सपाट उतार करा. जांभा हा दगड मोठा गमतीचा आहे. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कडक होत जातो, म्हणून तर तो विटेसारखा कापता येतो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या इंग्रजांच्या पदरच्या डॉक्टराने केरळात लोकांना तो असा कापताना पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ नाव दिलं. पाणी पितो, पायाला गार लागतो, रंग तर काय विचारूच नका. पण अंगभर भोकं असलेला दगड आहे तो. त्याच्यावर उभा भार टाका, पिढ्यान्‌पिढ्या घर उभं राहतं. त्याच्यावर रोज चाक फिरवा, की कडा झडतात आणि चार-पाच वर्षांत चाकोरी पडते. शिवाय शेवाळ. कोकणात जूननंतर कशावर शेवाळ धरत नाही हा प्रश्नच आहे, पण जांभ्यावर ते घरच्यासारखं राहतं. पावसात उतारावरच्या सपाट जांभ्यापेक्षा पायऱ्या बऱ्या, निदान पाय कुठे ठेवायचा ते कळतं.

डांबराचा विचार आम्ही एका चहात संपवला. डांबर गरम असताना अंथरून गरम असतानाच दाबावं लागतं, त्याला प्लँट, डंपर, रोलर असा सगळा लवाजमा. आमच्या अकराशे चौरस फुटांसाठी कोण येणार? कुठे सरकारी रस्त्याचं काम चालू असलं की ‘उरलेला माल आहे, टाकून देऊ का’ म्हणणारे भेटतात. अशा मालाला खाली सोलिंग नसतं, त्याच्या जाडीचा पत्ता नसतो आणि पावसाळ्यानंतर त्या माणसाचाही नसतो.

माझं मत सलग काँक्रीटचं होतं. एकदा ओता, पंधरा दिवस पाणी मारा, पुढची वीस-पंचवीस वर्षं विसरा. उतारावर ब्रशने आडव्या रेघा ओढल्या की घसरतही नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. “पाणी कुठे जाईल?”

म्हणून हिशोब मांडला. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अकराशे चौरस फूट म्हणजे साधारण १०२ चौरस मीटर. तीन मीटर पाऊस गुणिले १०२, म्हणजे तीनशे घनमीटर, म्हणजे तीन लाख लिटर. दहा हजार लिटरचे तीस टँकर! आज यातलं बरंच पाणी चिऱ्यांच्या सांध्यांतून आणि बाजूच्या मातीतून मुरतं. सलग काँक्रीट झालं की ते सगळं पन्हळीतून आल्यासारखं सरळ अंगणात, आणि अंगणातून पडवीत. रस्ता वर, घर खाली. या चार शब्दांतच सगळा प्रश्न आहे आणि तो कुठल्याही कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये लिहिलेला नव्हता.

दुसरी गोष्ट विहिरीची. बाबा रिटायर झाल्यापासून दर महिन्याच्या एक तारखेला दोरीला दगड बांधून विहिरीचं पाणी मोजतात आणि वहीत लिहितात. मला हा छंद वाटायचा. या निमित्ताने ती वही पहिल्यांदा नीट वाचली. अकरा वर्षांचे आकडे, एकही महिना गाळलेला नाही. (आमच्या प्रोजेक्टमध्ये अकरा आठवड्यांचा सलग डेटा मिळत नाही, असो.) दर मेमध्ये पाणी तळाशी हात-दीड हात उरतं. त्या महिन्यात आसपासच्या कितीतरी वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते आणि आम्हाला लागत नाही, याचं कारण हा दीड हात. वर पडणारं पाणी जमिनीत न मुरवता अंगणातून व्हाळाला लावून द्यायचं, तर त्या वहीला काय उत्तर देणार?

मग पेव्हर ब्लॉक. हे प्रकरण मुळात हॉलंडचं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे रस्त्याला लावायच्या भाजक्या विटा कमी पडायला लागल्या, तेव्हा त्याच मापाचे काँक्रीटचे ठोकळे आले. ब्लॉकचा फायदा असा की तो एकटा काहीच करत नाही. खाली दाबलेलं सोलिंग, त्यावर इंचभर वाळू किंवा कच, सांध्यांत बारीक वाळू, आणि दोन्ही कडांना न हलणारा आधार, एवढं असेल तर एका ब्लॉकवरचा भार शेजाऱ्यांत वाटला जातो. यातलं एक जरी नसलं तर ब्लॉक कितीही महाग असो, दोन पावसाळ्यांत तो बैलाच्या दातांसारखा वरखाली होतो. उलट काही बिघडलं तर चार ब्लॉक काढून, खाली माल भरून, तेच चार परत बसवता येतात. काँक्रीटला ही सोय नाही.

ब्लॉकची जाडी किती घ्यायची, याचं भारतीय मानक आहे. १५६५८ क्रमांकाचं, पहिल्यांदा निघालं २००६ साली. त्यात जिथे वाहनं जात नाहीत तिथे ५० मिलिमीटर, हलक्या वाहतुकीला ६० आणि मध्यम वाहतुकीला ८०, अशी विभागणी होती. घरगुती कारला ६० चालतो. आम्ही ८०चा धरला, कारण आमच्याकडे येणार ती अँब्युलन्स, आणि उद्या घराचं काम काढलं तर चिऱ्यांनी भरलेला टेम्पो. त्याच मानकात आणखी एक कलम मला फार आवडलं. ब्लॉकने सरासरी सहा टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिता कामा नये. हे घरी तपासता येतं! दोन जणांकडून एकेक नमुना ब्लॉक मागून घेतला. रीतसर पद्धतीत ओव्हन लागतो. मी एप्रिलमध्ये दोन्ही ब्लॉक तीन दिवस कातळावर उन्हात ठेवले (तिथे अनवाणी उभं राहून बघा, ओव्हनची उणीव भासणार नाही). मग नाक्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर वजन. मग चोवीस तास बादलीत बुडवून, फडक्याने पुसून पुन्हा वजन. पहिला ३१२० ग्रॅमचा ३४२० झाला, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या वर. दुसरा ३६४०चा ३८२०, पाच टक्क्यांच्या आत. दोन्ही एकाच मापाचे, एकाच जाडीचे. पहिला दिसायला जास्त सुंदर होता, गुळगुळीत, चकचकीत, लालभडक. असे चकचकीत ब्लॉक साच्यात ओतून करतात. पावसात त्यावर वॉकर कसा टेकणार, हा प्रश्न वेगळाच. दुसरा मशीनवर दाबून केलेला, राखाडी, खरबरीत, चिपळूणजवळच्या एका कारखान्यातला. दुकानदार दोन दिवस माझ्याकडे संशयाने बघत होता. तिसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, “आमच्या अंगणातला एक आणू का मोजायला?”

पण ब्लॉक पसंत पडला तरी अकराशे फूट झाकायचेच कशाला? गाडीला चार चाकं असतात आणि ती दोन रेषांत चालतात. पुण्यात जुन्या बंगल्यांच्या आवारात गॅरेजपर्यंत गेलेले फरशीचे दोन पट्टे अजून कुठे कुठे दिसतात, मध्ये हिरवळ. तेच करायचं ठरलं. अडीच फुटांचे दोन पट्टे, मध्ये अडीच फूट मोकळं. ब्लॉकचं क्षेत्रफळ एकदम निम्मं, साडेपाचशे चौरस फूट. अडीच फुटांत व्हीलचेअर बसते, स्ट्रेचरही बसतं. आणि ११० फुटांना ९ फूट उतार म्हणजे बाराला एकपेक्षा किंचित कमीच. व्हीलचेअरच्या रॅम्पला जे प्रमाण सांगतात ते हेच, एकास बारा. आमच्या पणजोबांनी ही जागा निवडताना एवढा विचार केला नसणार, पण निघालं खरं.

मधल्या मोकळ्या पट्ट्यात काय? तिथे जुने चिरे, थोडं अंतर सोडून. हे सुचलं बाबांना, आणि त्यामुळे एक मोठी गाठ सुटली. सातबाऱ्यावर आमच्या वाटेच्या जागेला बोरिवलीच्या काकांचंही नाव आहे. पाखाडी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाने घातलेली. काकांचा फोनवर पवित्रा असा की तुम्ही चंद्रावर जा, पण चिऱ्यांना हात लावायचा नाही. तेच चिरे त्याच वाटेवर राहणार, फक्त पायऱ्या जाणार आणि चालायला मधला पट्टा तसाच मिळणार, हे बाबांनी कागदावर चित्र काढून पाठवलं. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी एका ओळीचा मेसेज आला, “पालखी येऊन जाऊ दे.” शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, ती या पाखाडीवरून उतरते. तोपर्यंत एक दगड हलवायचा नाही, हे आजीचंही आधीपासूनचं फर्मान होतंच.

आता कंत्राटदार. तीन जणांशी बोललो. कुणाचं नाव लिहीत नाही, विचारूही नका.

पहिल्याने जागा न बघताच व्हॉट्सअ‍ॅपवर चाळीस फोटो पाठवले. ‘आपलीच कामं’ म्हणून. त्यातल्या एका फोटोत दारात उभ्या असलेल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं. गुहागर तालुक्यात अशी गाडी कुणाकडे आहे ते मला कळलं तर बरं होईल.

दुसरा आला, टेप लावली, छापील कोटेशन दिलं. दर सगळ्यांत कमी. दर ‘ब्रास’मध्ये होता. हे नवख्यांनी नीट समजून घ्यावं. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि फरशीच्या कामाचा ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. एकाच कागदावर दोन्ही ब्रास सुखाने नांदत होते, आणि सोलिंगचा दर यातल्या कुठल्या ब्रासचा ते विचारल्यावर साहेब म्हणाले, “ते होऊन जाईल हो.” ॲडव्हान्स साठ टक्के. आमच्याच वाडीत एकाने अशाच अटीवर काम दिलं होतं. माणसाने मेच्या शेवटी वाट खणून ठेवली आणि ‘उद्या माल येतो’ म्हणून गेला. मृग लागला, माल आला नाही. त्या घरचे चार महिने चिखलातून फळ्या टाकून ये-जा करत होते.

तिसरे एक मिस्त्री, शेजारच्या गावचे, साठीचे. पिढीजात जांभ्याचं काम, गेली काही वर्षं ब्लॉकही बसवतात. आले ते टेप न घेता. आईकडे एक कळशी मागितली, विहिरीवरून भरली, वर बेड्यापाशी नेऊन पाखाडीवर ओतली आणि पाण्याच्या मागून सावकाश चालत खाली आले. असं तीनदा, तीन जागांवरून. मग गडग्याच्या तळाशी पावसाच्या चिखलाचे डाग कुठवर चढलेत ते बघितलं. मग बाबांना म्हणाले, “भाऊ, तुमचं पाणी डावीकडून येतं आणि चिंचेपाशी उजवीकडे वळतं. तिथे आडवी चर पायजे. फरशीचं नंतर बोलू.”

मला काय वाटलं ते सांगतो. इंटरव्ह्यूला आलेल्या मुलाने कोड लिहायच्या आधी इनपुट काय असेल ते विचारावं, तसं वाटलं.

तरीही नुसत्या प्रभावाने काम द्यायचं नाही म्हणून त्यांनी आधी केलेली कामं बघायला गेलो. इथे माझा एक आग्रह आहे: नवीन काम बघू नका. नवीन काम सगळ्यांचं सुंदर असतं. तीन पावसाळे झालेलं बघा. बाबांच्या स्कूटरवर मागे बसून गुहागरच्या बाजूला एका होमस्टेच्या अंगणात गेलो, चार पावसाळे झालेले. चाकं जातात तिथे खोलगट झालंय का, कडेचे ब्लॉक बाहेर सरकलेत का, सांध्यांतून मुंग्यांनी वाळू वर काढलीय का, सेफ्टी टँकच्या झाकणाजवळ खचलंय का, हे बघितलं. एका कोपऱ्यात थोडं खचलेलं होतं. मालकाला विचारलं. ते म्हणाले, “दोनदा फोन केला, दोनदा आले. दुसऱ्यांदा पैसे घेतले. पण आले.” या शेवटच्या दोन शब्दांवर मी काम दिलं.

पैशाची बोलणी मात्र सोपी नव्हती. मी आपला एक्सेल काढून टप्पे सांगितले. माल येऊन पडला की इतके, सोलिंग दाबून झालं की इतके, ब्लॉक बसले की इतके, आणि दहा टक्के पहिला पावसाळा झाल्यावर. मिस्त्री शांतपणे ऐकत होते. दहा टक्क्यांवर आल्यावर म्हणाले, “दादा, तुमच्या कंपनीत तुमचा पगार असा अडकवून ठेवतात का?” माझ्या तोंडून चटकन ‘हो’ निघालं, कारण व्हेरिएबल पे म्हणजे दुसरं काय असतं? ते त्यांना समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. वर्षभर काम करायचं, मग साहेब ठरवणार कसं केलं ते, मग कंपनीचं वर्ष चांगलं गेलं असेल तर मिळणार. मिस्त्रींना माझी खरंच दया आली. पण त्यांची अडचणही खरी होती: टोळी कर्नाटकातली, काम संपलं की गावी जाणार, त्यांची मजुरी त्याच दिवशी द्यावी लागते. मी अडकवलेले पैसे मजुराच्या हातून निघणार नव्हते, ते मिस्त्रींच्या खिशातून निघणार होते. शेवटी दहा टक्क्यांऐवजी सरळ पाच हजार रुपये गणपतीपर्यंत ठेवायचे ठरले. आणि हे सगळं एका पानावर, मराठीत, मापांसकट लिहून दोघांच्या सह्या.

एकच पान बघून माझा पुण्यातला रूममेट हसला. त्याला म्हटलं, बाबा रे, करार या विषयावर आमच्या गावाला शिकवू नकोस. १९९३ साली एन्रॉनच्या कंपनीने वीज मंडळाशी केलेला वीजखरेदीचा करार काय थोडा जाड होता? देशातल्या नावाजलेल्या वकिलांना त्याने कितीतरी वर्षं काम पुरवलं. पहिला टप्पा १९९९मध्ये सुरू झाला, तेव्हा मी रांगत होतो. २००१मध्ये वीज परवडत नाही म्हणून मंडळाने घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिकडे अमेरिकेत एन्रॉननेच दिवाळं काढलं. २००५ला सरकारी कंपन्यांनी मिळून नवी कंपनी काढली तेव्हा कुठे धुगधुगी आली. कागद हवाच, पण कागदाच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस आहे तो शेजारच्या गावात राहतो की ह्यूस्टनला, यानेही बराच फरक पडतो.

काम सुरू झालं शिमगा आटोपल्यावर. कोकणात बांधकामाचा हंगाम फार चिंचोळा असतो, हेही लक्षात ठेवा. शिमग्याआधी लोक हलत नाहीत, एप्रिल-मेमध्ये माणसं आंब्यात गुंतलेली, आणि सात जूनला मृग. बारा दिवसांचं काम बावीस दिवस चाललं. पायऱ्या उखडल्या त्या दिवशी आजी पडवीत बसून होती. प्रत्येक चिरा निघताना तिची मान हलत होती. कोणता चिरा कधी बसवला ते तिला आठवत होतं असं नाही, पण मोजत होती. एकशे चौसष्ट निघाले, अकरा फुटले.

खणून झाल्यावर नऊ इंच सोलिंग, मुरूम, आणि दाबायला प्लेट व्हायब्रेटर. गडग्याजवळ जिथे मशीन घातलं तर दगड निसटतील, तिथे मिस्त्रींनी धुमस वापरला. ब्लॉक उतारावर खालून वर लावत न्यायचे, हा त्यांचा हट्ट. वरून लावत आलात तर सगळा भार सुट्या टोकावर येतो. खालच्या टोकाला आधी काँक्रीटची बीम, मग तिच्यावर पाठ टेकवून ब्लॉकांची रांग वर चढत गेली. मांडणी तिरपी, माशाच्या काट्यासारखी, कारण सरळ रांगा ब्रेक मारल्यावर सरकतात. कडांना चिरे अर्धे गाडून मागून काँक्रीट. चिंचेपाशी आणि अंगणाच्या तोंडाशी आडव्या चरी, वर लोखंडी जाळी. दोन्ही चरींचं पाणी आधी गाळाच्या टाकीत, तिथून शोषखड्ड्यात. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला पंचवीस फुटांवर. फुटलेले अकरा चिरे त्याच खड्ड्यात गेले.

खर्च? सलग काँक्रीटपेक्षा थोडा कमी, दुसऱ्या कोटेशनपेक्षा बराच जास्त. आकडा देत नाही, कारण पुढच्या वर्षी तो खोटा ठरेल आणि तुम्ही तो घेऊन कुणाशी तरी भांडाल.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. रात्री साडेअकराला बाबांचा फोन. बॅटरी घेऊन बाहेर उभे होते, मागे पावसाचा आवाज एवढा की निम्मं ऐकूच येईना. चिंचेजवळची चर पाणी घेत होती. खालची जाळी पाल्याने तुंबली होती आणि ते फावड्याने पाला ओढत होते. अंगणात पाणी आलं, पडवीच्या पायरीला लागलं नाही. “उद्या त्या चिंचेखाली रोज झाडायला लागणार,” एवढं बोलून ठेवून दिला.

जुलैत आजीला तपासणीला नेलं. रिक्षा उलटी घेत अंगणापर्यंत आली. आजी वॉकर टेकत तीन पावलं चालली आणि बसली. रिक्षावाल्याने मधल्या चिऱ्यांकडे बघून विचारलं, “इथे गवत उगवलंय, काढायचं नाय का?” आजी म्हणाली, “राहू दे.”

विहिरीबद्दल एवढ्यात काही म्हणता येणार नाही. एक पावसाळा म्हणजे वहीतल्या जेमतेम चार ओळी. पुढच्या मेचा आकडा आला की कळवीन.

मिस्त्री गणपतीच्या आधी, न बोलावता, एका रविवारी सकाळी आले. मी तिथेच होतो. डाव्या पट्ट्यात चरीच्या वर दोन ब्लॉक अर्धा इंच बसले होते. पहारीच्या टोकाने उचलले, खाली दोन घमेली कच टाकली, परत ठोकून बसवले. वीस मिनिटं. पाच हजारांचं पाकीट आईने फळीवर तयार ठेवलं होतं. चहा पिताना त्यांनी बेड्याकडे बोट दाखवलं. रिक्षा ठीक आहे, पण अँब्युलन्स रस्त्यावरून एका दमात वळायची तर गडग्याचा वरचा कोपरा दीड हात कापावा लागेल. तो कोपरा बोरिवलीच्या काकांच्या हिश्श्यात येतो. बाबांनी कागद-पेन्सिल मागवली आहे.